जिथे कुणी बसतं, तिथे झाड लाव

सांगली,
मे महिन्याची अखेर

चि. मुली,

अ. उ. आ. पत्रास कारण की, तू महापालिकेच्या उद्यान विभागात रुजू झाल्याचं तुझ्या आईने सांगितलं. फार बरं वाटलं. शेतकी कॉलेजात होतीस तेव्हा सुट्टीत आमच्याकडे आलीस की आधी गच्चीवर जाऊन कुंड्यांत बोट खुपसून ओल बघायचीस. ही मुलगी खुर्चीला चिकटून राहायची नाही, असं मी तेव्हाच तुझ्या काकूला म्हणालो होतो.

माझी सगळी नोकरी दुसऱ्या एका नगरपालिकेत गेली, सांगलीत घर केलं ते निवृत्तीनंतर. त्यामुळे तुझ्या ऑफिसातलं मला काही ठाऊक नाही आणि त्यावर मी बोलणारही नाही. झाडं आणि झाडांखाली येणारी माणसं यांच्याबद्दल मात्र थोडं सांगण्यासारखं आहे. फोनवरचं बोलणं दोन दिवसांत विरून जातं, म्हणून लिहायला बसलो.

तू खुर्चीत स्थिरावायच्या आत 5 जून येईल. जागतिक पर्यावरण दिन. ताई, पन्नास रोपं पाठवा. ताई, खड्डे तयार ठेवा. पाहुणे साडेदहाला येणार आहेत. असे फोन सुरू होतील. त्या दिवशी आपल्याकडची जमीन कशी असते ते तुला माहीत आहे. मृग लागायला अजून दोन दिवस असतात, आणि मृग लागला म्हणजे पाऊस लागलाच असं या पट्ट्यात कधीच नसतं. सह्याद्री सगळे ढग तिकडेच रिकामे करून घेतो. कोयनेच्या पाणलोटात पाऊस कोसळत असतो आणि इथे सांगलीत विश्रामबागेत धुरळा उडत असतो. काळ्या मातीला बोट जाईल एवढ्या भेगा असतात. त्या भेगांत लावलेलं रोप फोटोपुरतं उभं राहतं.

नाही म्हणू नकोस. पाहुण्यांच्या हातून पाच रोपं लाव, त्या पाचांना टँकरचं पाणी बांधून घे, आणि बाकीची पंचेचाळीस दोन दणदणीत पाऊस झाल्यावर लावू असं सांग. कुणी हटून बसलंच तर वनमहोत्सवाची आठवण दे. 1950 साली कन्हैयालाल मुन्शींनी तो सुरू केला, तो जुलैच्या पहिल्या आठवड्यात. मातीत ओल असल्याशिवाय रोप धरत नाही, एवढा साधा हिशेब त्यामागे आहे.

खड्डे मात्र आत्ताच, मे महिन्यातच खणून ठेव. उन्हाने माती तापली की कीड मरते. काळ्या रानात खड्डा म्हणजे रांजण होतो, पाणी आत साठतं आणि मुळं कुजतात. तिथे थोडा मुरूम आणि शेणखत मिसळून रोप जमिनीपेक्षा बोटभर उंचावर बसव. मुरमाच्या माळावर याच्या उलट कर. तिथे पाणी थांबतच नाही, म्हणून आळं खोल ठेव आणि वर पालापाचोळ्याचं जाड पांघरूण घाल.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगतो. नोकरीला चार-पाच वर्षं झाली होती. एका रस्त्याच्या कडेने आम्ही दीडशे रोपं लावली. मोठा कार्यक्रम होता. मी दिवसभर मांडव, माईक आणि पाहुण्यांच्या मागे होतो, आणि रोपं लावायला आणलेल्या मजुरांना काही दाखवायला मला वेळ झाला नाही. अहवाल गेला, शाबासकी आली. पुढच्या मार्चमध्ये सहज त्या रस्त्याने गेलो तर नुसत्या काटक्या उभ्या. बरोबर आमचे एक जुने माळी होते, आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणायचो. त्यांनी कडुनिंबाची एक काटकी धरून ओढली. गाजर उपटावं तशी ती हातात आली. खाली काळी प्लॅस्टिकची पिशवी जशीच्या तशी होती आणि आत मुळं घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गोल गोल फिरून वाळून गेली होती. तात्यांनी ती माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, "सायब, झाड लावलंच न्हाई आपण. पिशवी पुरली."

ते वाक्य माझ्या कानातून अजून गेलेलं नाही. तेव्हापासून पिशवी काढलेली मी स्वतः बघायचो. तूही बघ. मुळांचा गठ्ठा झाला असेल तर विळ्याने त्याला तीन बाजूंनी उभे काप दे. मुळं तुटतील म्हणून मजूर घाबरतात. तुटू देत, तिथूनच नवी बाहेरच्या मातीत जातात. काढलेल्या पिशव्या मोजून परत घे. पन्नास रोपांच्या पन्नास पिशव्या हातात आल्याशिवाय मजुरांचा चहा सांगू नकोस.

पण त्या दिवशी मी आणखी एक गोष्ट बघितली, आणि हे पत्र खरं तर तिच्यासाठीच लिहितोय. दीडशेतली अकरा झाडं जिवंत होती. पिशवी त्यांचीही काढली नव्हती, मुळांनीच ती फाडली होती. तीन होती चहाच्या टपरीसमोर, टपरीवाला ग्लास विसळलेलं पाणी तिथे ओतायचा. दोन होती पंक्चरवाल्याजवळ, त्याने शेळ्यांपासून वाचावीत म्हणून जुने टायर भोवती रचले होते. एक होतं भाजी विकणाऱ्या आजींच्या पाठीमागे. भाजीवर मारलेल्या पाण्यातलं उरलेलं त्या रोज संध्याकाळी उठताना त्याला घालायच्या. बाकीची पाचही अशीच, कुणा ना कुणाच्या दारात. मधल्या मोकळ्या रस्त्यावर, जिथे कुणी थांबत नाही, तिथे एकही नाही.

त्यानंतर रोपांची जागा ठरवताना नकाशा मी शेवटी बघायला लागलो. आधी रस्त्याने पायी जायचं आणि माणसं कुठे बसतात, कुठे थांबतात, सावलीसाठी गाडी कुठे लावतात ते बघायचं. तिथे खड्डा मारायचा, आणि मारताना त्या माणसाला विचारायचं, मामा, इथे कुठलं झाड हवंय? जांभूळ म्हणाला तर जांभूळच द्यायचं. स्वतः निवडलेल्या झाडाला माणूस उन्हाळ्यात तहानलेलं ठेवत नाही.

बागेचंही असंच. सांगली, मिरज आणि कुपवाड 1998 मध्ये एका महापालिकेत आली, पण या तीन गावांची दिवसाची घडी एक नाही. सांगलीच्या आमराई बागेत पहाटे फिरायला येणारी मंडळी अंधारातच फाटकाशी उभी असतात. कुपवाडला एमआयडीसीत पाळी संपवून आलेल्या माणसाला बागेत यायचं तर संध्याकाळ उलटलेली असते. फाटक उघडण्याच्या आणि बंद करण्याच्या वेळा ठरवताना आधी प्रत्येक बागेत एक पहाट, एक दुपार आणि एक संध्याकाळ स्वतः बसून काढ. वही घेऊन बस. दुपारची कोण येतं ते बहुतेक साहेबांना माहीतच नसतं. मिरजेत दवाखान्यांसाठी लांबून, कर्नाटकातूनही माणसं येतात. त्यांच्यातल्या कुणाला दुपारी डबा खायला, दोन तास आडवं व्हायला सावली लागते. अशा माणसाला वॉचमनने हटकू नये, एवढं तरी तुझ्या हातात आहे.

फिरायला येणारे ज्येष्ठ नागरिक तुझ्याकडे सर्वांत जास्त तक्रारी आणतील. बाक मोडला, दिवा लागत नाही, हास्य क्लबच्या जागेवर मुलं क्रिकेट खेळतात. त्यांना कंटाळू नकोस. रोज येणारा माणूसच रोज बघतो. फांदीला तडा गेल्याचं, मोटर जळाल्याचं, बोअरचं पाणी कमी झाल्याचं मला कायम त्यांच्याकडून आधी कळलं, खात्याकडून मागाहून.

लॉनच्या मागणीला मात्र सहज होकार देऊ नकोस. आपल्या उन्हाळ्यात लॉनला रोजचं पाणी लागतं, आणि वर 'गवतावर चालू नये' अशी पाटी लावावी लागते. ज्यावर मुलांनी खेळायचं नाही त्याला बागेतली सगळ्यात मोठी जागा कशासाठी द्यायची, हे मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही. त्यापेक्षा कडेने करंज, बकुळ, ताम्हण लाव आणि मध्ये चोपलेली माती राहू दे. ताम्हण तर आपलं राज्यफूल, ऐन उन्हाळ्यात जांभळं होतं. आणि प्रत्येक बागेत एक तरी आवळा असू दे. कार्तिकात आवळी भोजनाला बायका डबे घेऊन झाड शोधत फिरतात.

तुझ्या टेबलावर झाडं तोडण्याचे अर्ज येतील. 1975 चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम पाठ असल्यासारखा वाच, आणि 2021 ची दुरुस्तीही. पन्नास वर्षं आणि त्याहून जुनं झाड आता कायद्याने वारसा वृक्ष आहे. एक झाड तोडायचं तर त्याच्या वयाइतकी नवी लावायची आहेत. अर्जावर सगळीच झाडं 'धोकादायक' असतात. पाहणीला स्वतः जा, बुंध्यावर लाकडाने ठोकून बघ, पोकळ असेल तर आवाज सांगतो. निम्म्याहून जास्त वेळा मला असं आढळलं की धोका झाडाचा नव्हता. बुंध्याला खेटून काँक्रीट ओतलं होतं, किंवा पाइपसाठी चर खणताना एका बाजूची मुळं तोडली होती, किंवा पाचोळा झाडायचा कंटाळा होता. हरकतींसाठी झाडावर नोटीस लावायची असते. ती सुतळीने बांध. खिळा ठोकू देऊ नकोस.

आता तुझ्या माणसांबद्दल. गवत काढायला येणाऱ्या बायका सकाळी आठला खुरपी घेऊन बसतात ते संध्याकाळपर्यंत. आमच्याकडे त्यातली एक मावशी वैशाखात चक्कर येऊन पडली. पाणी का पीत नाही विचारलं तर काही बोलेना. शेवटी दुसरीने सांगितलं, बागेत बायकांच्या संडासाला कुलूप असतं, म्हणून आम्ही पाणी पीतच नाही. किल्ली ऑफिसात होती. माझ्याच ऑफिसात, माझ्या खुर्चीमागच्या खिळ्याला. पहिल्या आठवड्यात तुझ्या प्रत्येक बागेतली किल्ली कुठे आहे ते शोधून काढ. ठेकेदाराच्या मजुरांना हातमोजे आणि गमबूट मिळतात का, ते कागदावर बघू नकोस, पायांकडे बघ.

आणि पूर. सांगलीत उद्यान विभागात काम करायचं म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलावरचे पाणीपातळीचे आकडे तोंडपाठ पाहिजेत. 40 फूट इशारा, 45 फूट धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांवर गेलं होतं. किती फुटांना कुठल्या बागेच्या फाटकाला पाणी लागतं, हे जुन्या माळ्यांना विचारून आत्ताच लिहून ठेव. कोयनेतून विसर्ग वाढला की मोटरचे स्टार्टर काढून वर हलवायचे, नर्सरीतली रोपं उंचावर न्यायची, औषधं आणि खतं आधी बाहेर काढायची.

2019 चं पाणी उतरल्यावर आम्ही शेजारपाजारचे लोक आमच्या कॉलनीजवळच्या छोट्या बागेत गेलो होतो. सगळीकडे वीतभर गाळ, वरून पापडासारखा तडकलेला आणि खाली लोण्यासारखा मऊ. लॉन संपलं होतं, पपई आणि शेवगा बुंध्यात कुजून आडवे झाले होते. जांभूळ, करंज आणि उंबराला काही झालं नव्हतं, ती मुळातच नदीकाठची झाडं. कुणीतरी जेसीबी आणूया म्हणालं. मी नको म्हटलं, कारण ओल्या मातीवर जेसीबी फिरला की खालची मुळं दाबून मरतात. मग घमेली आली. आठ दिवस सकाळी दोन तास आम्ही बुंध्याभोवतीचा गाळ हातांनी काढत होतो. ज्यांच्या स्वतःच्या घरात पाणी शिरलं होतं तेही येत होते. घरचं काढून हात दुखतायत म्हणायचे, आणि तरी घमेलं उचलायचे. त्या बागेत आजही कुणी फांदी तोडायला गेला तर चार खिडक्या उघडतात.

एक वही मात्र कर, सरकारी नव्हे, तुझी. त्यात लावलेल्या झाडांचा आकडा लिहू नकोस. एक वर्ष झालेली, दोन वर्षं झालेली, तीन वर्षं झालेली जिवंत झाडं तेवढी लिही, आणि प्रत्येक झाडासमोर तिथे रोज असणाऱ्या माणसाचं नाव. तिसऱ्या उन्हाळ्यानंतर बहुतेक झाडं आपलं आपण बघतात.

रविवारी ये. तात्यांचा विळा माझ्याकडे आहे, मूठ नवी बसवून घेतली आहे. तो घेऊन जा.

कळावे,
तुझा,
काका

ता. क. वटपौर्णिमा तोंडावर आली आहे, हे राहूनच गेलं. बाजारात फांद्या येतात त्या कुठल्यातरी वडाच्याच असतात, बागेतल्या वडाला आदल्या रात्री जप. एका माळ्याला मुक्कामी ठेव. सकाळी बायकांना फेऱ्या घालायला बुंध्याभोवती चिखल नसलेली वाट करून दे, निरांजनं आणि कापूर ठेवायला जरा लांब विटांचा ओटा मांड, मुळांच्या कपारीत आग राहून जाते. नर्सरीत वडाची रोपं असतील तर बचत गटांना आधीच निरोप दे, फांदीऐवजी ती न्यायला सांग. आणि आठवड्याने दोरा बघ. सुती असला तर राहू दे, कुजून जातो. नायलॉनचा असला तर कापून काढ, कोवळ्या वडाच्या सालीत तो रुततो.