सातपुड्यातल्या जमिनीत युरेनियम आहे, असं मीटर लावून सांगतात. खरं कसं तपासायचं?

तुमचा प्रश्न असा : धडगावच्या वरच्या अंगाला डोंगरात वडिलोपार्जित जमीन आहे, एकाने किरणोत्सर्ग मोजणारा मीटर लावून टिकटिक ऐकवली, ‘खाली युरेनियम आहे’ म्हणाला आणि पुढच्या तपासणीचे पैसे मागतोय. द्यावेत का?

देऊ नका. तपासणी मात्र जरूर करा. तिचा पहिला टप्पा जवळजवळ फुकट आहे.

आधी खडक बघा. धुळे-नंदुरबारचा सातपुडा म्हणजे बेसाल्टचे, म्हणजे लाव्हाच्या काळ्या कातळाचे, एकावर एक थर आणि त्यांना चिरत गेलेल्या डाइक, म्हणजे माळावर दगडी बांधासारख्या लांबच लांब पळणाऱ्या त्या काळ्या भिंती. बेसाल्टमध्ये युरेनियम दहा लाखांत एक भाग, बहुतेकदा त्याहूनही कमी. ग्रॅनाइटमध्ये तीन ते पाच. झारखंडातल्या जादुगुडा किंवा आंध्रातल्या तुम्मलपल्लेच्या युरेनियम खाणींच्या धातुकात चारशे-पाचशेच्या घरात. म्हणजे तुमच्या कातळाच्या निदान चारशे पट. युरेनियम साठायला ते पुरवणारा खडक लागतो, ऑक्सिजन असलेलं पाणी ते विरघळवून नेतं, आणि वाटेत सेंद्रिय माती किंवा पायराइटसारखं (लोह-गंधकाचं खनिज) काही भेटलं की ते तिथे बसतं. कर्नाटकात गोगीला ग्रॅनाइट आणि चुनखडक भ्रंशाशी, म्हणजे जमिनीतल्या मोठ्या भेगेशी, भेटतात, तिथे ते जमलं. नुसत्या बेसाल्टात ना पुरवठा, ना सापळा. बेसाल्टच्या खाली जुने गाळाचे खडक असू शकतात; पण त्यांच्यावर शेकडो मीटर कातळ आहे आणि वरून लावलेल्या मीटरला त्यांचा पत्ता लागणं शक्य नाही. गॅमा किरण वरच्या अर्ध्या मीटरच्या आतूनच बाहेर येतात. तापीकाठच्या गाळाच्या जमिनीवर तर मीटर फक्त गाळच मोजतो.

आता त्या टिकटिकीकडे या. स्वस्त गायगर मीटर साध्या जागीही मिनिटाला समजा ३० टिकटिक देतो. हे आकडे यदृच्छेने येतात, म्हणून त्यांचा चढउतार आकड्याच्या वर्गमुळाइतका असतो. ३० चं वर्गमूळ साडेपाच, त्याची दुप्पट अकरा : १९ पासून ४१ पर्यंत काहीही आलं तरी जमीन तीच. दहा सेकंदच ऐकलं तर सरासरी पाच, आणि एकदा एक, एकदा नऊ आले तरी काही बिघडलेलं नाही. नऊ आले की ‘बघा, वाढली!’ म्हणायचं, झालं. त्याला म्हणा, त्याच जागी दहा मिनिटं मोज. ३०० च्या आसपास, १५-२० इकडेतिकडे. मग हाच मीटर दोन किलोमीटरवरच्या तशाच कातळावर दहा मिनिटं ठेव. बहुतेक वेळा वाद इथेच मिटतो.

फसायच्या जागा आणखी आहेत. विहिरीत किंवा अरुंद नाल्यात उतरलं की आकडा दीडपट-दुप्पट होतो, कारण सपाट जमिनीवर खडक फक्त खाली असतो, तिथे चारी बाजूंनी. पावसाच्या पहिल्या सरीनंतर हवेतल्या रेडॉन या किरणोत्सर्गी वायूची अपत्यं, म्हणजे तो तुटून झालेले पदार्थ, खाली येतात आणि दोन-तीन तास मीटर उगाच चढतो. त्या दिवशी मोजूच नका. दरीत पहाटे रेडॉन साठतो, म्हणून ऊन चढल्यावर मोजा. आणि केळीवाल्या भागात हे सांगायलाच हवं : म्युरिएट ऑफ पोटॅश या खताच्या एक किलोत पोटॅशियम-४० मुळे साधारण १६ हजार बेकरेल असतात, म्हणजे सेकंदाला तितके अणू तुटतात. मीटर पोत्याला टेकवला की तो किणकिणतो. पेट्रोमॅक्सच्या जुन्या जाळीत थोरियम असायचं, ती खिशात ठेवली तरी पुरे. म्हणून मीटर तुम्ही धरा, जागा तुम्ही निवडा.

हिरव्या दगडाचंही तेच. कातळाच्या पोकळीतला मातकट हिरवा थर म्हणजे सेलाडोनाइट. जळगावच्या खाणीतला हिरवा स्फटिक म्हणजे अपोफिलाइट, त्याचा रंग व्हॅनेडियममुळे. युरेनियमची दुय्यम खनिजं पिवळी किंवा पोपटी असतात आणि काही अतिनील दिव्याखाली चमकतात, पण कॅल्साइटही चमकतो, तेव्हा दिव्यावर निकाल देऊ नका.

खरोखर पुढे जायचं असेल तर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश पोर्टलवर जा. नकाशे मोफत आहेत आणि नाल्यांच्या गाळाचं रासायनिक मापनही आहे. जिथे ते झालंय तिथे युरेनियम-थोरियमचे आकडे मिळतात. परिसरात सगळीकडे एकसारखा कमी आकडा असेल तर तिथेच थांबा, असं माझं मत.

शेतात उतरायचंच तर सोडियम आयोडाइड स्फटिकाचा स्पेक्ट्रोमीटर भाड्याने घ्या. तो गॅमा किरणांच्या ऊर्जेवरून पोटॅशियम (१.४६), युरेनियम (१.७६) आणि थोरियम (२.६१ एमईव्ही) वेगवेगळे दाखवतो, नुसता एकूण आकडा काहीच सांगत नाही. डाइकच्या आडव्या दिशेने ५० मीटर अंतराच्या ओळी, प्रत्येक १० मीटरला एक वाचन, उंची तीच. मेच्या उन्हात स्फटिकाचा आकडा सरकतो, म्हणून तासा-दोन तासाला तपासणी स्रोताने, म्हणजे ठरावीक किरण देणाऱ्या छोट्या नमुन्याने, जुळवून घ्या. उन्हातून एसी गाडीत झटकन ठेवलात तर स्फटिक तडकतो. दोन थरांमधल्या तांबड्या मातीवर आकडा चढला तरी उड्या मारू नका, अशा झिजलेल्या मातीत थोरियम मागे राहतं.

स्पेक्ट्रोमीटरचा युरेनियमचा आकडाही अंदाजच असतो. तो युरेनियम नाही, ते तुटत तुटत एकामागून एक जे पदार्थ बनतात त्या साखळीतलं बिस्मथ-२१४ मोजतो. रेडियमही त्याच साखळीतलं. युरेनियम पाण्याने वाहून गेलं आणि रेडियम मागे राहिलं तर मीटर जास्त दाखवतो. उलट युरेनियम नुकतंच येऊन बसलं असेल तर कमी. साखळीचा समतोल व्हायला दहा लाख वर्षं लागतात. म्हणून शेवटचा शब्द रसायनाचा : वरची कुजलेली साल काढून दोन-तीन किलो ताजा खडक, कापडी पिशवीत, चिठ्ठी आत एक, बाहेर एक. प्रयोगशाळेत चार आम्लांचं विरघळवणं आणि आयसीपी-एमएस (अगदी सूक्ष्म प्रमाण मोजणारं यंत्र) मागा. एकाच नमुन्याच्या दोन पिशव्या वेगळ्या क्रमांकाने द्या. निकाल जुळले नाहीत तर प्रयोगशाळेवर विसंबू नका.

विहिरीचं पाणी मात्र कातळापेक्षा आधी तपासा. पिण्याच्या पाण्यात लिटरला ३० मायक्रोग्रॅम ही मर्यादा आहे. पाणी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून नायट्रिक आम्ल टाकलेल्या बाटलीत घ्या, नाहीतर युरेनियम बाटलीच्या भिंतीला चिकटतं आणि आकडा खोटा कमी येतो. जास्त निघालं तरी ते साठ्याचं लक्षण नव्हे, बायकार्बोनेटवालं पाणी थोडंसं युरेनियमही ओढून घेतं. पण ते पिऊ नका.

कायद्याचंही सांगतो. युरेनियम १९५७ च्या खनिज कायद्यातल्या अणुखनिजांच्या यादीत आहे. २०२३ च्या दुरुस्तीत लिथियमसह सहा खनिजं त्यातून निघाली, युरेनियम नाही. शोध अणुखनिज संचालनालय घेतं, त्याचं मध्य विभागाचं कार्यालय नागपूरला आहे. प्रयोगशाळेचा आकडा खरंच मोठा निघाला तर तो आणि जागेचे अक्षांश-रेखांश तिथे पत्राने कळवा. कुणी ‘माल’ विकत घेतो म्हणाला तर हात जोडा. मे २०२१ मध्ये राज्याच्या एटीएसने सुमारे ७ किलो नैसर्गिक युरेनियमसह दोघांना पकडलं होतं. आणि जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ती बिगर-आदिवासीच्या नावावर होत नाही, त्यामुळे मीटरवाला ‘करारनामा’ पुढे करत असेल तर त्यावर अंगठा उठवण्याआधी तहसील कार्यालयात दाखवा.