ल्होता, लोटा आणि आपलं हळू

प्रश्न असा आला आहे : प्रागहून गाडीने जाताना एकामागून एक ‘ल्होटा’ नावाची गावं लागली, याचा आपल्या लोट्याशी काही संबंध आहे का?

नाही. आणि आधी तो ट काढा. झेक लोक स्वच्छ दंत्य त म्हणतात, ल्होता. तोंडात ल्हासा बसतो तर ल्होता का बसू नये? परदेशी नाव दिसलं की त-द चे ट-ड करायची खोड आपल्याला इंग्रजीने लावली.

या नावाची गावं तिकडे तीनशेच्या आसपास आहेत, म्हणून ओळखीपुरती विशेषणं लावतात : द्लौहा ल्होता म्हणजे लांब, चेर्वेना ल्होता म्हणजे तांबडी. तेराव्या-चौदाव्या शतकांत जमीनदार माणसं आणून रान तोडवत. सुरुवातीची ठरलेली वर्षं शेतसारा माफ, आणि त्या माफीवरूनच वसाहतीचं नाव ल्होता. आपल्याकडे पडीक जमीन लागवडीला आणणाऱ्याला कौल, म्हणजे सवलतीचं लेखी आश्वासन, देत आणि सारा इस्ताव्याने, म्हणजे टप्प्याटप्प्याने, वर्षागणिक चढवत, त्याच जातीची ही युक्ती.

आता खरी गंमत. झेक, रशियन, पोलिश या स्लाव्ह कुळातल्या भाषा; त्यांच्यातल्या या मूळ शब्दाचा अर्थ हलकेपणा, भार उतरणं. रशियनमध्ये ‘ल्गोता’ आजही सवलतच. झेकमध्ये ग चा ह झाला, पोलिशमध्ये ग टिकला म्हणून तिकडच्या गावांची नावं ल्गोता, लिगोता. आणि हा धातू म्हणजे आपल्या ‘लघु’चा सख्खा भाऊ! आपल्याकडेही घ चा ह झाला : लघुक, लहुअ, मग ल-ह ची अदलाबदल होऊन हलुअ, हळू. हलका त्याच घरातला. झेकमध्ये हलक्याला ‘लेह्की’ म्हणतात. त्यांनी अदलाबदल केली नाही, एवढाच फरक.

यावरून कुणी ‘बघा, झेक संस्कृतातून निघाली’ म्हणू नये. भाऊ म्हणजे बाप नव्हे. एका गृहस्थांनी तर मला ल्होता हे ‘लोष्ट’, म्हणजे ढेकूळ, यावरून आल्याचं ठणकावून सांगितलं. या न्यायाने लोटांगणही लोट्यातून निघेल.

झेकमध्ये ल्होता या शब्दाचंच दुसरं रूप ‘ल्हूता’. लांब ओ चा आधी उओ झाला, मग ऊ. लिहिताना यू वर छोटं वर्तुळ काढतात, ते त्या जुन्या ओ चंच उरलेलं टिंब. गावाच्या नावात मात्र ओ ऱ्हस्व होता, तो तसाच राहिला. आणि या ल्हूताचा आजचा अर्थ? मुदत! सरकारी कागदावर, बिलावर, पैसे कधीपर्यंत भरायचे ते सांगणारी. माफीची मुदत होती, त्यातली माफी गळाली आणि मुदत तेवढी उरली.

लोटा, तुमच्या माहितीसाठी, ‘लोटणे’तून आला असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही, पण ते पुन्हा केव्हातरी.