वाचक विचारतात : काचेला भोक, पण कडा का उडतात?

प्रश्न : १० मिमी जाडीच्या साध्या काचेला १२ मिमीचं भोक पाडायचं आहे. कार्बाइडच्या भाल्यासारख्या टोकाच्या ड्रिलने काच खालच्या बाजूला शिंपल्यासारखी उडते. हिऱ्याचं ड्रिल घ्यावं का? तेच पुढे कडक पोलादालाही चालेल का?

उत्तर : घ्याच, पण पोकळ नळीचं. काच कापली जात नाही, हिऱ्याचे कण ती झिजवतात; पोकळ ड्रिलला फक्त बांगडीसारख्या कड्याएवढंच काम करावं लागतं. निकेलच्या थरावर कण चिकटवलेलं ड्रिल स्वस्त असतं, पण थर गेला की संपलं. रोजचं काम असेल तर सिंटर्ड, म्हणजे धातूच्या भुकटीत हिऱ्याचे कण मिसळून तापवून घट्ट केलेलं, घ्या. ते बोथट वाटलं, की ॲल्युमिनाच्या (ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या) घासायच्या दगडावर क्षणभर चालवा, नवे कण उघडे पडतात.

वेग साधारण १५०० फेरे प्रतिमिनिट, दाब हलका, पाणी सतत. मधूनमधून ड्रिल वर उचला, नाहीतर काचेचा चिखल आत अडकून तापतो आणि तडा जातो. कडा उडतात त्या शेवटच्या मिलिमीटरला. म्हणून दोन तृतीयांश खोलीवर थांबा, काच उलटवून दुसरीकडून भोक जुळवा. खाली सपाट लाकूड हवंच. टफन्ड (तापवून झटकन थंड करून मजबूत केलेल्या) काचेला मात्र हात लावू नका, पूर्ण चुरा होईल. तिची भोकं टफन करण्याआधीच पाडतात.

पोलादाचं म्हणाल तर नाही. कापताना तापलेल्या लोखंडात हिऱ्याचा कार्बन विरघळतो आणि धार झटकन झिजते. सुमारे ६० एचआरसीच्या (रॉकवेल मापावरच्या कठीणपणाच्या) पोलादाच्या टर्निंगला, म्हणजे लेथवरच्या कापकामाला, सीबीएन (क्यूबिक बोरॉन नायट्राइड) इन्सर्ट, म्हणजे हत्यारात बसवायचा बदलता कापणारा तुकडा, घ्या.