लहान मुलांची हार्ट सर्जन व्हायला किती वर्षं लागतात? मुलीला झेपेल का?

तुमची लेक अकरावी सायन्सला आहे, तिला लहान मुलांच्या हृदयाची सर्जन व्हायचंय, तर किती वर्षं लागतील आणि "मुलीच्या जातीला" हे झेपेल का, असं तुम्ही विचारलंय. आधीच सांगते, मी सर्जन नाही. मी परफ्युजनिस्ट आहे. हृदय थांबवून ऑपरेशन चालू असतं तेव्हा रक्त फिरवायचं काम हार्ट-लंग मशीन करतं, ते मशीन मी चालवते. एकोणीस वर्षं पुण्यात हेच करतेय. माझी खुर्ची सर्जनच्या पाठीमागे चार हातांवर, त्यामुळे या लोकांचं करिअर मी मागच्या बाजूने पाहिलंय म्हणा.

वर्षांचा हिशेब सरळ आहे, फक्त लांब आहे. बारावीनंतर नीट, मग एमबीबीएस, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. पुन्हा नीट पीजी, मग जनरल सर्जरीत एमएसची ३ वर्षं. पुन्हा परीक्षा, मग सीटीव्हीएसमध्ये, म्हणजे हृदय, छाती आणि रक्तवाहिन्यांच्या सर्जरीत, एमसीएच ही पुढची पदवी, आणखी ३. एमबीबीएसनंतर थेट ६ वर्षांचा डीआरएनबीचा, म्हणजे राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या पदवीचा, रस्ताही आहे. पण यातला बराचसा काळ मोठ्या माणसांच्या बायपास आणि व्हॉल्व्हमध्ये जातो. लहान मुलांचं काम शिकायला त्यापुढे एक-दोन वर्षांची फेलोशिप करावी लागते: त्रिवेंद्रमचं श्री चित्रा, कोची, बंगळुरू, दिल्लीचं एम्स, जमलं तर लंडन किंवा मेलबर्न. सरकारी कॉलेजचा बाँड आणि एखादा वाया गेलेला अटेम्प्ट धरलात तर तेहतीस-चौतिशी उजाडते. तेव्हाही नवजात बाळ कुणी एकटीच्या हातात देत नाही. आमच्या सर्जन मॅडमनी पहिलं 'स्विच' ऑपरेशन (ते काय, पुढे सांगते) स्वतः केलं तेव्हा त्या एकोणचाळीसच्या होत्या. त्यांच्या बॅचच्या त्वचारोगवाल्या मैत्रिणीचा तोवर बाणेरला दुसरा फ्लॅट झाला होता. हे त्याच हसत हसत सांगतात.

पैशाचं उत्तर त्यात आलंच. सीटीव्हीएसच्या जागा रिकाम्या राहतात त्या उगाच नाही. हजार बाळांमागे आठ-नऊ बाळं हृदयात काही ना काही दोष घेऊन जन्मतात, म्हणजे कामाला तोटा नाही. पण आमच्याकडे येणारी पुष्कळ मुलं अंगणवाडीच्या तपासणीत सापडून, महात्मा फुले योजनेची फाईल काखेत मारून आलेल्या आईबापांची असतात. त्यावर कोणाचे बंगले होत नाहीत.

आता मघाचं ते स्विच म्हणजे काय, ते सांगते, कारण हे काम त्यात सगळं दिसतं. काही बाळांच्या हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्या अदलाबदल होऊन बसलेल्या असतात. त्या कापून जागच्या जागी लावायच्या. ब्राझीलच्या अदिब जातेने यांनी १९७५ मध्ये हे करून दाखवलं. साधारणपणे पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच करावं लागतं, नाहीतर डाव्या कप्प्याला हलक्या कामाची सवय होते आणि पुढे त्याच्याच्याने शरीरभर रक्त ढकलवत नाही. गोम मोठ्या वाहिन्यांत नाही, कोरोनरीत आहे. खुद्द हृदयाला रक्त पुरवणाऱ्या या दोन वाहिन्या नवजात बाळात उदबत्तीच्या काडीएवढ्या. त्या बटणासारख्या गोल कापून नव्या जागी शिवायच्या, केसाहून बारीक दोऱ्याने. तीन किलोच्या बाळाच्या अंगात रक्त असतं साधारण अडीचशे मिली, एक पेलाभर. माझ्या मशीनच्या नळ्या भरायलाच जवळजवळ तेवढं लागतं, म्हणून त्या आधी रक्तपेढीच्या रक्ताने भरून ठेवते.

एकदा नऊ दिवसांचं बाळ होतं. सगळं शिवून झालं, महाधमनीवरचा चिमटा, म्हणजे क्लॅम्प, काढला. अशा वेळी हृदय गुलाबी व्हायला हवं. डावी बाजू झाली, उजवीकडचा एक पट्टा जांभळाच राहिला. ऑपरेशन करणारे आमचे सर मिनिटभर नुसते बघत राहिले. थिएटरमध्ये फक्त माझ्या पंपाचा आवाज. मग म्हणाले, "परत जाऊ. क्लॅम्प." बटण जरासं पिळलं गेलं होतं. टाके उसवून पुन्हा शिवायला चाळीस मिनिटं गेली. बाळ वाचलं. संध्याकाळी कॉफी घ्यायला गेले तर सर त्यांच्या लांब वहीत लिहीत होते: 'उजवं बटण फिरलं. माझी चूक. खूण आधी करायला हवी होती.' अशा चार वह्या आहेत त्यांच्याकडे.

ही सवय त्यांनी लंडनहून आणली. तिथल्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या इस्पितळात मार्क द लव्हाल नावाचे मोठे सर्जन होते. त्यांची स्विचची ऑपरेशनं चांगली चालली होती, मग थोड्याशा केसेसमध्ये पाठोपाठ मुलं दगावली. त्यांनी स्वतःचेच आकडे मांडले, ज्यांचे निकाल चांगले होते त्यांच्याकडे जाऊन पुन्हा शिकले आणि १९९४ मध्ये ते सगळं छापलं. त्याच सुमारास इंग्लंडमधल्याच ब्रिस्टलच्या एका इस्पितळात लहान मुलं जास्त मरत होती आणि ते आकडे कोणी नीट बघायला तयार नव्हतं. शेवटी सरकारी चौकशी झाली, २००१ मध्ये अहवाल आला. नाजूक बोटं मी पुष्कळांची पाहिली, शिकवून येतात ती. वही लिहिणारे कमी पाहिले. तुमची लेक कमी मार्कांचा पेपर घरी दाखवते की दप्तरात दडवते, ते बघा. नीटच्या क्लासची फी नंतर भरा.

आणि मुलीच्या जातीचं म्हणाल तर ही शाखा उभी राहिली तीच एका बाईच्या डोक्यातून. निळ्या पडणाऱ्या बाळांच्या फुफ्फुसांकडे जास्त रक्त वळवता येईल, ही कल्पना हेलन टाऊसिग यांची. त्या सर्जन नव्हत्या, बालहृदयरोगतज्ज्ञ होत्या, आणि ऐकू कमी यायचं म्हणून बाळाच्या छातीवर बोटं ठेवून हृदयाची घरघर ओळखायच्या. अमेरिकेत बाल्टिमोरला २९ नोव्हेंबर १९४४ ला सर्जन ब्लेलॉक यांनी ते ऑपरेशन केलं, तेव्हा त्यांच्या खांद्यामागे स्टुलावर उभं राहून व्हिव्हियन थॉमस पुढची पायरी सांगत होते. थॉमस कृष्णवर्णीय तंत्रज्ञ, डॉक्टरकीची पदवी नाही, पण कुत्र्यांवर हे ऑपरेशन बसवलेलं त्यांनीच. (माझं या गोष्टीवर जरा जास्त प्रेम आहे, समजून घ्या.)

त्रास आहेच, लपवत नाही. रेसिडेन्सीत बाळंतपण आलं तर रजेचा अर्ज देताना अजूनही लोक तोंडं वाकडी करतात. आमच्या मॅडमच्या सासूबाईंनी नातू सांभाळला म्हणून निभावलं, असं त्या स्वतः म्हणतात.

बाकी उंचीची वगैरे काळजी करू नका. मॅडम जेमतेम पाच फूट आहेत. टेबल त्यांच्या उंचीला खाली घेतलं की समोरचा सहा फुटी असिस्टंट सहा तास वाकून उभा, नाहीतर मग मॅडमच्या पायाखाली दोन स्टुलं. सध्या स्टुलं चालू आहेत, कारण त्याची मान धरली.