पऱ्हाटी, पन्नी आणि राख : टाकाऊ मालाबद्दल वाचकांची प्रश्नोत्तरे

कापूस संपला की पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) उपटून धुऱ्यावर रचतो आणि शेवटी पेटवून देतो. घेणारे आहेत म्हणतात, पण आमच्या गावापर्यंत कोणी येत नाही. – एक शेतकरी, राळेगाव तालुका

भाऊ, घेणारे आहेत. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या धोरणानुसार कोळशावरच्या वीजकेंद्रांनी २०२४-२५ पासून ५ टक्के शेतातला काडीकचरा पेलेटच्या, म्हणजे दाबून केलेल्या गोळ्यांच्या, रूपात कोळशासोबत जाळायचा आहे. कोराडी, खापरखेडा, मौदा, पारस, चंद्रपूर ही सगळी केंद्रं आपल्याच विदर्भातली. केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड आणि पेलेट करण्याचं तंत्रही विकसित केलेलं आहे.

घोडं अडलंय ते वावर आणि कारखाना यांच्या मधल्या वाटेवर. हेक्टरी दोन-तीन टन पऱ्हाटी निघते, पण माल फुगीर. ट्रॉली शिगोशीग भरलेली दिसते आणि काट्यावर वजन भरत नाही. सगळा भाव डिझेलमध्ये जातो. त्यामुळे तुकडे वावरातच व्हायला हवेत, आणि तुकडे करणारं यंत्र, म्हणजे श्रेडर, एकट्यादुकट्याला परवडत नाही. माझ्या मते हे काम शेतकरी उत्पादक कंपनी आणि जिनिंग (कापसातून सरकी काढणारे कारखाने) यांनी मिळून करावं. जिनिंगकडे वजनकाटा आहे, मोठं आवार आहे, गावोगावची ओळख आहे, आणि कापसाची आवक ओसरल्यावर ते आवार रिकामंच असतं. वीजकेंद्राला किंवा पेलेटवाल्याला एका गावाचा माल नको असतो. वर्षभर पुरवठा होईल अशी लेखी हमी हवी असते, आणि ती दहा-वीस गावं एकत्र आली तरच देता येते.

तोवर दोन गोष्टी तुमच्या हातात आहेत. उपटलेल्या पऱ्हाटीची मुळं आपटून माती झाडा. मातीमुळे राख वाढते आणि मालाचा भाव पडतो. दुसरं, ढीग उन्हाळाभर धुऱ्यावर ठेवू नका. राहिलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दबा धरून बसते आणि पुढच्या हंगामात तुमच्याच कपाशीवर येते. गिऱ्हाईक नाहीच मिळालं, तर बारीक करून जमिनीत गाडा. जाळल्याने त्यातलं जवळपास सगळं नत्र हवेत जातं आणि तेच पुढे युरियाच्या गोणीतून विकत आणावं लागतं.

पंचायतीने कचऱ्यासाठी शेड बांधली. बचत गटाच्या बाया प्लास्टिक वेगळं करतात. भंगारवाला बाटल्या नेतो, पण चिप्सची पाकिटं आणि खर्ऱ्याच्या (सुपारी-तंबाखूच्या) पन्न्या तशाच पडून राहतात. – एक सरपंच, तिवसा तालुका

सरपंचताई, या दोन्हींचं उत्तर वेगवेगळं आहे.

चिप्सचं पाकीट अनेक थरांचं असतं. ते वितळवून पुन्हा पाकीट करणं परवडत नाही, म्हणून भंगारवाला त्याला हात लावत नाही. सिमेंटच्या भट्टीत मात्र ते कोळशाबरोबर जळतं, आणि कोरपना तालुक्यात सिमेंटचे मोठे कारखाने आहेत. एका गावाचा माल तिथे पाठवणं परवडणार नाही. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात तालुक्याला एक प्लास्टिक प्रक्रिया केंद्र आणि त्यासाठी १६ लाख रुपयांपर्यंत तरतूद झाली ती याचसाठी. पंचायत समितीत विचारा, आपल्या तालुक्याचं केंद्र कुठे आहे आणि गावोगावचा माल उचलायला गाडी कधी येते.

पैशाचा मुद्दा नीट समजून घ्या. फेब्रुवारी २०२२च्या नियमांनुसार कंपनीने जितकं वेष्टनाचं प्लास्टिक बाजारात आणलं, त्याच्या विल्हेवाटीची जबाबदारी तिचीच. त्याचं प्रमाणपत्र नोंदणीकृत प्रक्रिया करणारा देतो आणि कंपनी ते विकत घेते. म्हणजे तुमच्या मालावर वरच्या टोकाला कमाई होते. शेडमध्ये घाण हाताने वेगळी करणाऱ्या बायांपर्यंत ती आपोआप उतरत नाही. माल देताना किलोमागे वर्गीकरणाची मजुरी करारात लिहून घ्या. याबाबत भीड बाळगू नका.

खर्ऱ्याची पन्नी गोळा करण्यात मात्र बायांचा वेळ घालवू नका. थुंकीने माखलेली ती पन्नी कोणीच घेत नाही. २०१६च्या नियमांनी तंबाखू, गुटखा, पानमसाला प्लास्टिकच्या पाकिटात विकायला बंदीच घातली आहे. ती पानठेल्यावरच थांबवा. ग्रामसभेत ठराव घ्या आणि पाळला जातो का ते बघा.

फवारणीच्या रिकाम्या बाटल्या भंगारात देता येतात का? – एक शेतमजूर ताई, आर्णी तालुका

देऊ नका, ताई. तळाशी उरलेलं औषध भंगारासोबत कुठल्या वस्तूत जाईल याचा नेम नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, ते आपण पाहिलंय. औषध संपलं की बाटलीत पाव भाग पाणी घालून हलवा आणि ते पाणी पंपातच ओता. असं तीनदा करा. मग बुडाला भोक पाडा, म्हणजे कोणी घरात तेल-पाण्याला वापरणार नाही. कीटकनाशक नियमांनुसार रिकामी डबडी उघड्यावर टाकायची नसतात, ती फोडून वस्तीपासून दूर गाडायची असतात. तरी गाडणं हा काही कायमचा उपाय नव्हे. औषध विकणाऱ्या कंपन्यांनी कृषी केंद्रांमार्फत बाटल्या परत घ्यायलाच हव्यात, आणि तशी मागणी गावागावांतून व्हायला हवी.

राखेच्या विटांचा धंदा चालेल का? – एक तरुण, भद्रावती तालुका

चालण्यासारखा आहे. औष्णिक वीजकेंद्रापासून ३०० किलोमीटरच्या आतल्या बांधकामांत कोळशाच्या राखेच्या वस्तू वापरणं बंधनकारक आहे, फक्त त्या इतर मालापेक्षा महाग नसाव्यात. एवढ्या अंतरात आपला बहुतेक विदर्भ येतो. राखेपेक्षा वाहतुकीचा खर्च आधी मांडा. या विटा भाजाव्या लागत नाहीत, पण त्यांवर बरेच दिवस पाणी मारावं लागतं. विहिरीला मे महिन्यातही पाणी राहतं का, हे बघूनच जागा ठरवा.