पऱ्हाटीचा ढीग कुजला नसेल, तर तो पेरणीआधी रानात टाकू नये

पऱ्हाटीचा (कापूस वेचून उरलेल्या झाडांच्या काड्यांचा) भुगा आणि सोयाबीनचे भुसकट यांच्या ढिगावर जिवाणू संवर्धक (काडीकचरा कुजवणाऱ्या जिवाणूंचे मिश्रण) शिंपडून तीन महिने झाले, तरी काड्या तशाच आहेत. मृगापूर्वी हे खत रानात मिसळावे का, हा आपला प्रश्न वाचून मला माझाच जुना ढीग आठवला. माझे स्पष्ट मत आहे की मिसळू नये. अर्धवट कुजलेला काडीकचरा मातीत गेला की त्याला कुजवणारे जिवाणू स्वतःच्या वाढीसाठी जमिनीतला नत्र (नायट्रोजन) ओढून घेतात आणि कोवळे पीक पिवळे पडून खुंटते.

आमच्या भागात एका कार्यालयाने योजनेतून संवर्धकाची पाकिटे वाटली. ती उन्हाळाभर पत्र्याच्या गोदामात पडून होती आणि काहींची मुदतही उलटली होती. मराठवाड्याच्या मे महिन्यात पत्र्याखाली ठेवलेले जिवाणू कितपत जिवंत राहणार, या प्रश्नाला तिथे कोणीही उत्तर दिले नाही. त्याहून जास्त नुकसान त्यांच्या सल्ल्याने झाले. शेण नको, युरिया नको, संवर्धक सगळे काम करते, असे ठामपणे सांगण्यात आले. पऱ्हाटीत कर्ब (कार्बन) भरपूर आणि नत्र अगदी थोडा असतो. मिश्रणाचे कर्ब-नत्र गुणोत्तर सुरुवातीला ३०:१ च्या आसपास नसेल, तर उत्तम संवर्धकसुद्धा उपाशी राहते. ढीग तापलाच नाही, तक्रार केली तेव्हा ‘पाणी मारत राहा’ एवढेच ऐकायला मिळाले, आणि तेच खत पडलेल्या रानातला कापूस पुढे पिवळा पडला. शेतकऱ्याचा एक हंगाम म्हणजे त्याचे वर्ष असते, हे सल्ला देणाऱ्याने लक्षात ठेवायला हवे. त्या कार्यालयाच्या नोंदीत मात्र वाटप पूर्ण झाले होते.

आपला ढीग वाया गेलेला नाही. तो उकरून शेणकाल्यासह थर देऊन पुन्हा रचावा. उसाच्या पाचटासाठी टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो संवर्धक अशी शिफारस असते. पऱ्हाटीसाठी मी तीच आधार म्हणून धरतो, पण पऱ्हाटी अधिक कठीण असल्याने भुगा बारीक हवा आणि वेळही जास्त द्यावा लागतो. सेंद्रिय प्रमाणीकरण घ्यायचे असेल तर युरिया चालत नाही. त्याऐवजी ताजे शेण, गोमूत्र आणि गिरिपुष्पाचा (हिरवळीच्या खताचे झाड) पाला वापरावा. मूठ दाबल्यावर हात ओला व्हावा, पण पाणी गळू नये, इतकाच ओलावा ठेवावा. आठवड्याभरात ढिगात खुपसलेली लोखंडी सळई हाताला चटका देण्याइतकी तापली पाहिजे. ही उष्णता महत्त्वाची आहे, कारण वाळक्या बोंडांत दडलेली गुलाबी बोंडअळीही तिच्यामुळे मरते.

संवर्धक परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून किंवा खात्रीच्या ठिकाणाहून, उत्पादनाची तारीख पाहूनच घ्यावे. मी शास्त्रज्ञ नाही आणि हा अनुभव काळ्या जमिनीतला आहे. आपली जमीन हलकी असेल तर स्थानिक जाणकारांना विचारून घ्यावे. पुढच्या वर्षी शेवटची वेचणी होताच, विहिरीला पाणी असतानाच ढीग लावावा. एप्रिलमध्ये ओलावा टिकवणे आपल्याकडे फार कठीण जाते.

यंदा जागेअभावी ढीग हलवणे भागच असेल, तर तो मातीत न मिसळता तुरीच्या दोन ओळींमध्ये आच्छादन म्हणून वरच्यावर पसरावा, म्हणजे मुळांजवळच्या नत्राला फारसा धक्का लागणार नाही.