आधी पाणी, मग हात: गाडीच्या रंगाबद्दल वाचकांचे प्रश्न

कोल्हापूरच्या उद्यमनगरात गाड्यांचं रंगकाम करत मला सव्वीस वर्षं झाली. रंगवायला येणाऱ्या बऱ्याच गाड्यांचा रंग ठोकर लागून गेलेला नसतो, रोज प्रेमानं फिरवलेल्या फडक्यानं गेलेला असतो. हे बघून वाईट वाटतं, कारण ते सहज टळण्यासारखं असतं. आलेल्या प्रश्नांतले काही इथं घेतले आहेत.

माझी पांढरी गाडी शिरोली एमआयडीसीत कारखान्याच्या दारात रोज आठ-नऊ तास उभी असते. बॉनेटवर आणि डिकीवर बारीक तांबूस ठिपके आलेत. शाम्पूनं जात नाहीत, हात फिरवला की खरखर लागते. कंपनीचा रंगच खराब आलाय का? (शिये)

रंग चांगला आहे, ठिपके लोखंडाचे आहेत. शिरोली असो, गोकुळ शिरगाव असो की आमचं उद्यमनगर, जिथं ओतकाम आहे तिथं ओतलेला भाग घासून साफ करायचं फेटलिंग, ग्राइंडिंग, शॉट ब्लास्टिंग आलंच, आणि त्याबरोबर हवेत उडणारा लोखंडाचा बारीक कणही आला. ग्राइंडरची ठिणगी म्हणजे तापून लाल झालेला लोखंडाचा कणच. तो गाडीवर पडतो, वरच्या थरात रुततो आणि दव किंवा पाऊस लागला की गंजायला लागतो. तुम्हाला दिसतो तो हा गंज. काळ्या गाडीवरही तो तेवढाच असतो, फक्त डोळ्याला दिसत नाही.

खात्री करायची असेल तर गाडी धुऊन वाळवा, हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घाला आणि बोटांची टोकं बॉनेटवर अलगद फिरवा. उघड्या हाताला जे गुळगुळीत वाटतं, तेच पिशवीतून रवा सांडल्यासारखं लागेल.

हे काढायला आयर्न रिमूव्हर नावाचा फवारा मिळतो. गाडी सावलीत, पत्रा थंड असताना धुवा आणि मग तो मारा. दोन-तीन मिनिटांत प्रत्येक ठिपक्याभोवती जांभळा रंग सुटायला लागतो आणि ओघळ खाली येतात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा पांढऱ्या टपावर कुणी पिकलेली जांभळं चुरगाळल्यासारखं दिसत होतं. घाबरू नका, रंग उतरत नाही. औषधाची लोखंडाशी क्रिया होऊन ते पाण्यात सुटतंय. वास मात्र उग्र असतो, केस कुरळे करायच्या औषधासारखा, कारण दोन्हींत एकाच जातीचं रसायन असतं. हातमोजे घाला, मोकळ्या हवेत काम करा. औषध रंगावर वाळू देऊ नका. पाच मिनिटांच्या आत भरपूर पाण्यानं धुऊन टाका.

तरीही खरखर उरली तर क्ले बार वापरा. हा कणकेसारखा मऊ गोळा असतो. त्याची चपटी पोळी करायची, पत्र्यावर शाम्पूचं पाणी भरपूर मारायचं आणि गोळा न दाबता सरळ रेषेत पुढेमागे फिरवायचा. पहिल्यांदा खरखर आवाज येतो, नंतर गोळा निसटायला लागतो. निसटला म्हणजे तेवढी जागा साफ झाली. गोळ्यावर मळ दिसला की घडी घालून आतली बाजू वर घ्या. जमिनीवर पडला तर फेकून द्या, मग तो कितीही महाग असो. त्यात घुसलेली एक वाळूची कणी अख्ख्या बॉनेटवर रेघ ओढते. क्लेनंतर रंग उघडा पडतो, त्यामुळे त्याच दिवशी वॅक्स, म्हणजे गाडीच्या रंगावर लावायचं मेण, लावा.

बाथरूम धुवायचं ॲसिड वापरून बघू का, असंही तुम्ही विचारलंय. नका. ठिपका जाईल, पण जिथं टवका उडालाय तिथून ॲसिड आत शिरेल आणि पत्रा खाईल.

रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी फडक्यानं गाडी पुसतो. अपार्टमेंटमध्ये पाइप लावायला मनाई आहे. आता उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेषा दिसतात. पुसूनसुद्धा असं कसं? (राजारामपुरी)

पुसूनच असं झालंय. रागावू नका, पण सवय बदलावी लागेल.

कारखान्यातून आलेल्या गाडीवर पत्र्यापासून वरपर्यंत सगळे थर मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉनचा रंग असतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा, म्हणजे अख्खा रंग फार तर दोन केसांएवढा जाड. त्यातला सगळ्यात वरचा पारदर्शक थर, ज्याला आम्ही लॅकर म्हणतो, तो ४० ते ५० मायक्रॉन. चमक त्याची, उन्हापासून राखणही त्याचीच. पॉलिश केलं की हाच थर थोडा घासला जातो. एकदा गेला की तो परत येत नाही.

आता आपल्याकडची धूळ बघा. महामार्गाच्या कामाची माती, एमआयडीसीचा भुगा आणि गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्यांच्या धुराड्यांतून पडणारी काळी राख. ही राख हलकी आणि मऊ दिसते, पण बोटांत चोळून बघा, कणी लागते. कोरडं फडकं फिरवता तेव्हा ही कणी फडक्याखाली अडकते आणि तुमच्या हाताच्या दाबानं लॅकरवर ओढली जाते. फडकं गोल फिरलं की रेषाही गोल.

म्हणून माझा एकच नियम आहे: आधी पाणी, मग हात. पाइप नसला तरी हे जमतं. शेतात फवारणीला वापरतात तसला पाच लिटरचा हातपंप घ्या. नवाच घ्या, तणनाशक भरलेला जुना नको. त्यात चमचाभर कार शाम्पू घालून गाडी वरून खाली भिजवा आणि तीन-चार मिनिटं थांबा. धूळ आपोआप सुटून ओघळेल. पंपातच साधं पाणी भरून ती खाली उतरवा. मग दोन बादल्या घ्या, एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवा, एक भाग धुवा, साध्या पाण्यात खळबळून पिळा आणि मगच परत शाम्पूत घाला. टप आधी, मग काचा, बॉनेट, दारांचा वरचा भाग, आणि सगळ्यात शेवटी चाकांजवळचा खालचा पट्टा. तिथंच सगळ्यात जास्त वाळू असते. दोन बादल्या आणि दोन पंप पाण्यात गाडी स्वच्छ होते.

भांड्याचा साबण नको. तो तेलकटपणा काढायला बनवलाय, त्यामुळे लावलेलं वॅक्सही काढतो. आणि आठवड्यातून एकदा धुवा, पण रोज पुसू नका. धुळीची गाडी खराब होत नाही, धूळ घासलेली गाडी होते.

जोतिबाला चैत्र यात्रेला गेलो होतो. पांढऱ्या गाडीवर गुलाल बसलाय. खंडेनवमीला बॉनेटवर हळद-कुंकवानं काढलेल्या स्वस्तिकाचा डागही अजून आहे. (वडणगे)

गुलाल कोरडा असेपर्यंत ओला करू नका. आधी ब्लोअरनं किंवा सायकलच्या पंपानं हवा मारून उडवा, फटींमधला मऊ ब्रशनं झटका आणि मगच एका दमात भरपूर पाणी सोडा. थोड्या पाण्यानं पुसायला गेलात की त्याचा लगदा होतो आणि रंग दारांच्या रबरात, काळ्या प्लॅस्टिकमध्ये उतरतो. लॅकरवरचा गुलाल बहुतेक निघतो, रबरातला हट्टी असतो. हळदीचा डाग शाम्पूनं धुऊन गाडी काही दिवस उन्हात लावा. हळदीचा रंग उन्हात विटतो, घासायची गरज पडत नाही. कुंकवाचा मात्र राहिला तर हलकं पॉलिश करावं लागेल. पुढच्या वर्षी वाडी रत्नागिरीला निघायच्या आदल्या दिवशी वॅक्स लावा आणि स्वस्तिक बॉनेटऐवजी काचेवर काढा. चांगभलं!

बोअरच्या पाण्यानं काळी गाडी धुतो, वाळली की पांढरे गोल डाग. आरओचं वाया जाणारं पाणी साठवून वापरलं तर चालेल का? (जयसिंगपूर)

वापरू नका, ते बोअरपेक्षाही वाईट. आरओ मशीन पाण्यातले क्षार बाजूला काढतं आणि ते सगळे त्या वाया जाणाऱ्या पाण्यातच जातात. पाणी उडून जातं, कॅल्शियम-मॅग्नेशियम पत्र्यावर राहतं. त्या पाण्यानं चाकाच्या वरच्या कमानीतला चिखल पाडा, रंगावर नको.

बोअरचं पाणी वापरायला हरकत नाही, पण ते गाडीवर वाळता कामा नये. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, सावलीत धुवा आणि शेवटचं पाणी टाकल्या टाकल्या मोठ्या जाड मायक्रोफायबर टॉवेलनं टिपून घ्या. ताजे डाग जायला पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करा, फडकं भिजवून डागावर मिनिटभर ठेवा, उचला आणि धुवा. आधी कोपऱ्यात करून बघा. डाग जुना असेल आणि बोटाला खड्डा लागत असेल तर क्षारानं लॅकर खाल्लाय, तिथं व्हिनेगर काही करणार नाही.

अलॉय व्हील पुढची दोन कायम काळी, मागची बरी. वॉशिंग सेंटरवर कसलंतरी पाणी मारलं, तेव्हा चकाकली, पण महिनाभरात पांढुरकी आणि डागाळलेली दिसायला लागली. (इचलकरंजी)

ते पाणी ॲसिडचं होतं. सगळीकडे मारत नाहीत, पण मारतात, आणि गिऱ्हाईक समोर उभं असताना चाक चकाकतं म्हणून कुणी विचारत नाही. अलॉयवरही गाडीसारखाच लॅकर असतो. ॲसिडनं तो फुटला की खालचं ॲल्युमिनियम पांढरं पडतं. आता ते चाक रंगवून घेण्यावाचून इलाज नाही. पुढच्या वेळी फवारा मारण्याआधी बाटलीत काय आहे ते विचारा. सांगत नसतील तर चाकं कोरी ठेवायला सांगा.

पुढची चाकं काळी होणारच, कारण ब्रेक लावताना गाडीचं वजन पुढं झुकतं आणि जास्त काम पुढचे ब्रेक करतात. शिवाय बऱ्याच छोट्या गाड्यांना पुढं डिस्क आणि मागं बंद ड्रम असतो. पॅडचा आणि डिस्कचा लोखंडी भुगा गरम असताना चाकाला चिकटतो. तो थोडा आहे तोवर कार शाम्पू आणि मऊ ब्रशनं निघतो, साठला की वर सांगितलेला आयर्न रिमूव्हर.

तीन गोष्टी पाळा. गाडी आत्ताच आंबा घाट उतरून आली असेल तर तापलेल्या डिस्कवर गार पाणी ओतू नका, ती वाकू शकते. चाकांची बादली आणि ब्रश वेगळे ठेवा, ते बॉनेटजवळ जाऊ देऊ नका. टायर चमकवायचं औषध फक्त बाजूला लावा, रस्त्याला टेकणाऱ्या भागावर लागलं तर गाडी घसरेल.

धुतल्यावर डिस्कवर तासाभरात तांबूस थर येतो, तो चार-पाच वेळा ब्रेक लावले की जातो. त्यासाठी गॅरेजला पैसे देऊ नका.

नवी गाडी घेतोय. सिरॅमिक कोटिंग करावं की वॅक्स पुरे? '९एच' म्हणजे दगडासारखं कडक, असं विक्रेता म्हणतो. (ताराबाई पार्क)

तो ९एच पेन्सिलीच्या मापावरचा आहे. वेगवेगळ्या कडकपणाच्या पेन्सिली थरावर ओढून बघतात, त्यातली सगळ्यात कडक ९एच. वाळूची कणी पेन्सिलीपेक्षा पुष्कळ कडक असते, त्यामुळे कोटिंग केलेल्या गाडीवरही चरे पडतात. कोटिंगनं पाणी आणि चिखल चिकटत नाही, धुणं सोपं होतं, ऊन सोसतं. गाडी कायम उघड्यावर असेल आणि खर्च झेपत असेल तर करा, पण धुण्याची पद्धत बदलणार नसाल तर पैसे वाया जातील.

मी माझ्या गाडीला वॅक्सच लावतो. कार्नौबा हे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. ते भर उन्हात फार टिकत नाही, म्हणून एकदा मिरगाच्या आधी आणि एकदा दिवाळीनंतर लावायचं. अगदी पातळ थर, धुकट झाला की पुसून टाकायचा. जाड लावल्यानं जास्त टिकत नाही, फक्त पुसताना दंड दुखतात. एक काळजी घ्या: गॅरेजमध्ये नव्यानं रंगवलेल्या भागाला महिनाभर तरी वॅक्स लावू नका, त्याला आतून सुकू द्या. कारखान्यातला रंग भट्टीत भाजलेला असतो, त्याला लगेच चालतं.

रंकाळ्यावर झाडाखाली गाडी लावली, पक्ष्यांची विष्ठा दोन दिवस राहिली. आता तिथं रंग उठल्यासारखा दिसतोय. शिवाय दारावर एक चरा आहे. टूथपेस्टनं जातो का? (मंगळवार पेठ)

विष्ठेतलं आम्ल तापलेल्या लॅकरमध्ये घुसतं, आणि रंग थंड होताना त्या जागी आकसतो. यापुढे दिसली की ओला कागद पाच मिनिटं तिच्यावर ठेवा आणि उचलून घ्या, पुसू नका. तिच्यातही वाळू असते. आता जे उमटलंय त्यावर हातानं बारीक पॉलिश करून बघा, खूण फिकी होईल.

टूथपेस्टही घासणारीच वस्तू, पण तिची कणी किती जाड हे ट्यूबवर लिहिलेलं नसतं. पॉलिशचं मशीनही भाड्यानं आणू नका. शिकत होतो तेव्हा एका गिऱ्हाइकाच्या बॉनेटच्या कडेवर मी कंपाउंडचं, म्हणजे घासणाऱ्या पॉलिशचं, मशीन दोन सेकंद जास्त थांबवलं. कडेवर रंग पातळच असतो. पॅडवर आधी गाडीचा रंग आला आणि मग त्याच्या खालच्या प्रायमरच्या थराचा राखाडी. त्या माणसानं एक शब्द काढला नाही, नुसता बॉनेटकडे बघत उभा राहिला. अजूनही पॉलिश करण्याआधी मी प्रत्येक कडेवर कागदी चिकटपट्टी लावतो.

चऱ्यावर नख आडवं फिरवा. अडकलं नाही तर पॉलिशनं जाईल. अडकलं तर पॉलिश करून उपयोग नाही, टच-अप लागेल. रंगाचा कोड दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली पट्टीवर असतो, तो लिहून घेऊन दुकानात जा. चरा स्पिरिटनं पुसा आणि बाटलीतला ब्रश न वापरता काडीपेटीच्या काडीच्या टोकानं चऱ्यातच थेंब भरा. एक थर, तासभर थांबा, दुसरा थर. थोडा वर आला तरी चालेल. पंधरा दिवस तसाच राहू द्या, मग सपाट करायला या.